माळ्यावरची गादी

२ नोव्हेंबर

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

मी ठणठणीत आहे, गुडघे सोडून. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

तुझा बाप रविवारी येऊन गेला. कोट काढला नाही. स्वयंपाकघरात चहाच्या कपावर हात शेकत बसला आणि म्हणाला की आई, हे घर नाही, चाळण आहे. तू गॅस जाळून सगळी गल्ली गरम करतेस. मी म्हटलं, गल्लीतल्या मांजरांचा दुवा लागतो. त्याला हसू आलं नाही. त्याला लहानपणीसुद्धा सगळ्यांच्या मागून हसू यायचं. मग त्याने मागच्या थंडीतलं प्रकरण उकरून काढलं, छाती भरली म्हणून मी सतरा दिवस दवाखान्यात पडले होते ते. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कानात भरून ठेवलं आहे की म्हातारी पुन्हा गारठलेल्या खोलीत झोपली तर पुढच्या वेळी सतरा दिवसांवर भागायचं नाही. खिशातून तापमापक काढलं, माझ्या पलंगाशेजारी खिळा ठोकला आणि टांगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुई अकरावर. खोटं कशाला बोलू.

त्याने नवव्या मजल्यावरच्या त्याच्या फ्लॅटात माझ्यासाठी खोली रिकामी केली आहे. गॅलरी ताटाएवढी. चाळीस वर्षं मी याच घराच्या खालच्या खोलीत गाद्या भरल्या. आता नवव्या मजल्यावर बसून काय ढग भरू?

मी चिडले आणि बोलून बसले. म्हटलं, फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी इथे झोपायला ये. रात्री दहाला तुझ्या हाताने बॉयलर बंद कर. सकाळी सहाला तुझ्याच डोळ्यांनी सुई वाच. अठरा भरले तर फ्लॅटचं नाव काढायचं नाही. नाही भरले तर मी उशी उचलून मुकाट्याने तुझ्यामागे येईन, घर खुशाल विकून टाक. तो लगेच हो म्हणाला. तेव्हा मला कळलं की आपण जरा जास्त बोललो. पण शब्द फिरवायची सवय मला नाही. असती तर तुझ्या आजोबांशी लग्न झालंच नसतं.

तू म्हणे हापिसात बसून लोकांच्या इमारतींची ऊब मोजतेस. मग माझी मोज. सात अंश कमी पडताहेत आणि तीन महिने आहेत. बापाला कळवू नकोस.

माया कमी करू नकोस, खर्च लागत नाही त्याला.
तुझी आजी

९ नोव्हेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन मिनिटं हसले आणि मग घाबरले. बाबांना मी ओळखते. ते खरंच सहा वाजता चष्मा लावून सुईसमोर उभे राहतील.

आता नीट ऐक, म्हणजे वाच. ऊब दोन वाटांनी पळते. एक, फटींतून. दुसरी, छपरातून, गरम हवा वर चढते आणि तुझ्या माळ्यावर अंथरूण-पांघरूण काहीच नाही, नुसत्या फळ्या. तेव्हा आधी फटी शोध. वाऱ्याच्या दिवशी शोध, पण मेणबत्तीच्या ज्योतीने नको, तू पडदे पेटवशील. तुझ्याकडे लोकर आहे ना? तिचा एक हलका पुंजका दोऱ्याला बांध आणि खिडक्या-दारांच्या कडेकडेने धरून चाल. पुंजका थरथरला की तिथे फट. मग गरम पाण्याच्या टाकीला आणि पाइपांना कपडे शिव. शेवटी माळा. तिथे तुझ्या गोदामातली लोकर घाल, कापूस नको, तो पटकन पेट घेतो. जाडी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. धुराड्यापासून मात्र सगळीकडून हातभर लांब.

एक गोष्ट अजिबात करायची नाही. बॉयलरच्या खोलीतली भिंतीची जाळी बंद करायची नाही. बॉयलरला श्वास लागतो. ती बुजवलीस तर घर गरम होईल, पण ते बघायला तू नसशील. आणि जे काही अवघड असेल त्याला शेजारच्या सुतारकाकांना हाक मार. भांडण चालू असेल तर आधी मिटव. बाबांना काही बोलले नाही. आईला बोलले, पण आई कोणालाच काही सांगत नाही, तुला ठाऊक आहे.

आहे तसाच राग आणि आहे तसाच लोभ ठेव.
तुझी टकळी

२४ नोव्हेंबर

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

दोऱ्याला पुंजका बांधून मी घरभर फिरले. समोरच्या बाईने खिडकीतून पाहिलं आणि मला विचारायला आली की म्हातारपणी मासे धरता का. मी म्हटलं, वारा धरते. ती गुपचूप गेली. तिने गल्लीत काय सांगितलं असेल ते मला विचारू नकोस.

एकवीस फटी सापडल्या. खिडक्यांच्या, दारांच्या, जिन्याखालच्या. टपाल आत पडायच्या दाराच्या भोकातून तर असा वारा येत होता की पुंजका आडवाच. तुझी पत्रं येतात ती वाऱ्यानेच येतात, पोस्टमन उगाच पगार घेतो.

सुताराशी भांडण मिटवलं. कशावरून होतं ते दोघांनाही आठवेना, तेव्हा फार वेळ लागला नाही. त्याने दारांच्या कडांना पट्ट्या मारल्या, खिडक्यांच्या चौकटी बसत्या केल्या. हात चांगला आहे. तोंड माझ्यापेक्षा वाईट. पट्ट्या मारून झाल्यावर पुढचं दार जोरात लावलं तर स्वयंपाकघराचं दार आपोआप उघडलं. आतली हवा बाहेर जायला वाट मिळेना म्हणून. तो त्यावर इतका खूश झाला की पंधरा वेळा दार आपटून दाखवलं. सोळाव्या वेळी मी मध्ये उभी राहिले.

जाळी बुजवायचं त्याच्याही डोक्यात होतं. मी तुझं पत्र त्याच्या नाकासमोर धरलं. तो म्हणाला की नात शहाणी आहे, आजीवर गेलेली नाही.

टाकीला अंगरखा शिवला. निळ्या पट्ट्यांचा, गाद्यांच्या खोळीचा, आत दोन बोटं लोकर, पुढे बटणं. पाइपांना पायमोजे. आता टाकीकडे पाहिलं की कोणी जाड माणूस आंघोळीला उभा आहे असं वाटतं. सुतार आत शिरला की तिला नमस्कार करतो.

आज सकाळी सहाला सुई तेरा. दोन आले, पाच उरले. माळा उद्यापासून. त्यात तुझ्या शिकवणीची गरज नाही. गादी भरणं मला कोणी शिकवू नये.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी

१५ डिसेंबर

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

माळा झाला! अशी गादी या गल्लीत काय, कुठल्याच गल्लीत कोणी पाहिली नसेल. माळाभर एकच गादी. गोदामातली सगळी लोकर वर चढवली. सुतार शिडीवर, मी खाली, दोरीला पोती बांधून. तू सांगितलीस तेवढी जाडी घातली, कोपरापासून बोटांपर्यंत. धुराड्याभोवती सुताराने पत्र्याचा कठडा केला. मग काम असं केलं की माझ्या हातून कधी वाईट गादी गेली असं मेल्यावरही कोणी म्हणू नये. बसून, गुडघ्यांनी दाबून, मोगरीने ठोकून ठोकून कोपऱ्याकोपऱ्यात ठासली. वरून खोळ घातली आणि दाभणाने हातहात अंतरावर टाके मारून आवळली. शेवटी चार बोटांवर आणली. दगड! सुतार वर उभा राहून नाचला तरी खड्डा पडला नाही. तो नाचतो चांगलं, हे मला माहीत नव्हतं. साठ वर्षं शेजारी राहून.

पण सुई साडेतेरा.

तीन सकाळी पाहिलं. अर्ध्या अंशाच्या वर जाईना. पहिल्या दिवशी मी तापमापकाला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सुताराला. तिसऱ्या दिवशी कोणी उरलं नाही म्हणून तुला पत्र लिहायला बसले. तुझ्या हापिसातली गणितं चुकलेली दिसतात. तुझ्या साहेबाला विचार. नसेल येत तर त्याला इथे पाठव, मी शिकवते.

खरं सांगू का, काल तुझ्या बापाचा फोन आला होता. तो विचारत होता की माझ्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे हवेत. मी म्हटलं, कुठल्या खोलीला. तो म्हणाला, फ्लॅटातल्या. मी फोन ठेवला आणि मग बराच वेळ खालच्या खोलीत रिकाम्या गोदामात बसून राहिले. थंडी फार होती म्हणून उठले.

उत्तर लवकर. लोभ नंतर पाठवलास तरी चालेल.
तुझी आजी

२० डिसेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हापिसात वाचलं आणि इतक्या मोठ्याने हसले की साहेब खोलीतून बाहेर आले. मला पत्र त्यांना वाचून दाखवावं लागलं. दगड या शब्दावर ते खुर्चीत बसले आणि डोळे पुसायला लागले. तुझ्याकडे शिकायला यायला ते तयार आहेत, पण आधी गुडघे तपासून घेतो म्हणाले.

चूक माझी. जाडी सांगितली आणि पुढचं सांगितलंच नाही. मला वाटलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सगळे लोक चाळीस वर्षं गाद्या ठासत नाहीत. आजी, ऊब लोकरीत नसते. ऊब लोकरीच्या मधे अडकलेल्या हवेत असते. तू ठोकून ठोकून सगळी हवा बाहेर काढलीस. उत्तम गादी केलीस, त्यावर छप्पर सुखाने झोपेल, पण तुला ऊब नाही द्यायची.

आता तूच सांग. गिऱ्हाईक जुनी गादी घेऊन यायचं आणि म्हणायचं की ही आता गार लागते. तू काय करायचीस?

घाबरू नकोस, सहा आठवडे आहेत. पडद्यांचा रंग बाबांना हिरवा सांग. तो रंग त्यांना आवडत नाही, तेवढाच शोधायला वेळ जाईल.

खूप खूप लोभ, या वेळी आगाऊ.
तुझी टकळी

२१ जानेवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

काय करायचे मी? उसवून पिंजायचे. हे गल्लीतल्या मांजरालाही सांगता आलं असतं. तुझं पत्र वाचून मी स्वतःला जे बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातले निम्मे शब्द मला लिहिताही येत नाहीत. चाळीस वर्षं लोकांना सांगत आले की गादी दबली की थंड पडते. आणि स्वतःच्या डोक्यावर छपराएवढी गादी दाबून ठेवली!

उसवली. सगळे टाके. सुताराला सांगितलं तर तो शिडीवरच बसला आणि म्हणाला की त्याने त्यावर नाचून तिचा आणखी सत्यानाश केला. मी म्हटलं, तू नाचलास ते बरं झालं, तेवढंच काही तरी चांगलं पाहिलं. तो लाजला. या वयात लाजलेला सुतार बघायला मजा येते.

मग पिंजणं. जुनं यंत्र चालेना, मग हातांनी. तीन आठवडे, रोज दोन खोल्यांत लोकरच लोकर. लोकर नाकात, चहात, चष्म्याच्या आत. समोरची बाई मासे मिळाले का विचारायला आली आणि तीसुद्धा बसली पिंजायला. ती बोलते फार, पण बोटं चालतात. चौथ्या दिवसापासून तिचा नवराही यायला लागला. तो बोलत नाही, तिच्यामुळे त्याला जागा मिळत नसावी. एकदा सुताराला शिंक आली. एवढंच सांगते. पुढचे दोन तास आम्ही चौघं जिन्यात, कपाटाखाली आणि एकमेकांच्या डोक्यांवर लोकर वेचत होतो आणि मला पोट धरून पायरीवर बसावं लागलं. कधी हसले होते अशी, आठवत नाही. बहुतेक तुझा बाप शाळेच्या पहिल्या दिवशी दुसऱ्याच वर्गात जाऊन बसला होता तेव्हा.

आता माळ्यावर लोकर मोकळी पसरली आहे. ठोकायची नाही, दाबायची नाही, नुसती झुलू द्यायची. मला हात मागे बांधून उभं राहावं लागलं. सवयीने हात पुढे जायचे आणि सुतार पट्टीने मारायचा.

सुई सतरा! मग दोन दिवस सतरा. मग साडेसतरा. आणि तिथे बसली. अर्धा अंश, टकळे, अर्धा.

सुतार म्हणाला की त्या सकाळी तो तापमापकाच्या मागे गरम वीट ठेवेल, कोणाला कळणार. मी त्याला म्हटलं की माझ्या मुलाला मी फसवायचं असतं तर साठ वर्षांत रोज संधी होती. मी अजून अर्धा अंश शोधते आहे. कुठे असेल ते तू शोध.

लोभ असाच मोकळा पसरून ठेव, ठासू नकोस.
तुझी आजी

२६ जानेवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत आहे. माळ्यावर चढायची झडप! तिच्यावर तू काही घातलंस का? तुझं सगळं अंथरूण अंगभर आणि डोकं उघडं. तिच्या वरच्या बाजूला एक जाड, मऊ उशी चिकटव, कडांना पट्ट्या मार. मऊ, आजी. मऊ!

लोभ, धाक आणि शुभेच्छा.
तुझी टकळी

७ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललो असतो, पण ही गोष्ट रीतसर लिहून कळवावी असं वाटलं.

पैज मी हरलो, हे मान्य. शनिवारी रात्री दहाला मी बॉयलर बंद केला. माझी जुनी वरची खोली तू दिलीस. घड्याळात सहाचा गजर लावला. गजर वाजला असं तू म्हणतेस. मी ऐकला नाही. लहानपणी मी त्या खोलीत पायमोजे, टोपी आणि शाळेचा कोट घालून झोपायचो, हे तुला आठवत असेल. शनिवारी मी पांघरूण लाथाडून साडेनऊपर्यंत झोपलो. गेल्या दहा वर्षांत असा झोपलो नाही. साडेनऊला तुझ्या खोलीत येऊन सुई वाचली तरी ती अठराच्या वर होती, आणि बॉयलर गारच होता, मी हात लावून पाहिला. सुतारकाकांनी टाळ्या वाजवायची गरज नव्हती. ते माझ्या खोलीच्या दाराशी सहापासून उभे का होते, हेही मला कळलं नाही.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. आमच्या फ्लॅटात नवव्या मजल्यावर वारा इतका लागतो की ही सोफ्यावर दोन शाली घेऊन बसते. सगळ्या भिंतींना काच. गॅसचं बिल तुझ्या दुप्पट. आम्ही दोघांनी विचार करून ठरवलं आहे. तुला एकटीला तिकडे ठेवायचं आमच्या जिवावर येतं, आणि तू इकडे यायची नाहीस. तेव्हा आम्हीच तुझ्याकडे राहायला येतो. वरच्या खोलीत. कायमचे. माझं व्यायामाचं सायकलयंत्र, हिची दोन कपाटं आणि टीव्ही एवढंच आणू. महिनाअखेरीस ट्रक ठरवला आहे.

तुला आनंद होईल याची खात्री आहे. तुझी माया आहेच, ती आता रोज मिळेल.
तुझा मुलगा

९ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

सोबत तुझ्या बापाचं पत्र जोडलं आहे. आधी ते वाच. वाचलंस? आता खाली बस.

जिंकले तो दिवस काय होता, तुला सांगू. सहाला सुई अठरावर आणि एक काडी वर! झडपेची उशी मी तीन दिवस शिवली आणि एकदाही ठोकली नाही. सुतार दारात उभा, तुझ्या बापाने उठून वाचावं म्हणून. आत घोरणं. सात वाजले. आठ वाजले. समोरची बाई नवऱ्याला घेऊन निकाल ऐकायला आली. आम्ही चौघं जिन्यात ओळीने बसलो, चहा घेत, घोरणं ऐकत. कोणाला उठवायची हिंमत होईना. शेवटी साडेनऊला पुरीसारखा फुगलेला चेहरा घेऊन तो बाहेर आला, सुई वाचली आणि मला म्हणाला की आई, नाश्त्याला काय आहे. सुताराने मला धरून जिन्यात गिरकी मारली. गुडघ्यांनी काही तक्रार केली नाही. मी आता कुठेही जाणार नव्हते. माझं घर, माझी खोली, माझं गोदाम.

आणि आता हे! तुझा बाप माझा मुलगा आहे, तुझी आई गुणाची आहे, दोन दिवस त्यांचं मी डोक्यावर घेऊन करीन. पण कायमचे? सायकलयंत्रासकट? तो सकाळी सात वाजता माझ्या डोक्यावर सायकल चालवणार आणि ती कुठेच जाणार नाही! शिवाय गोदामात परत गिऱ्हाईकं येताहेत. गल्लीत सात जणांनी माळ्यांच्या गाद्या सांगितल्या आहेत, मी पिंजते, सुतार पट्ट्या मारतो, समोरची बाई बोलते. टीव्ही ठेवायला जागा कुठे आहे?

नको म्हणून तोंडावर सांगणं मला जड नाही, पण तो दहा वर्षांत पहिल्यांदा झोपला आहे. झोपलेल्या मुलाला आई उठवत नाही, त्याला आपोआप जाग यावी लागते.

तेव्हा तुझी सगळी विद्या आता उलटी लाव. वरच्या खोलीपुरतं गणित कर. बाकीच्या घरात गारवा उतरता कामा नये, गॅस वाया जाता कामा नये, आणि तुझ्या आईला सर्दी होता कामा नये. पाहुणा दोन रात्री तिथे गाढ झोपेल, पण तिसऱ्या रात्री त्याला स्वतःचं घर आठवेल, इतकी थंडी यायला खिडकीला किती बोटांची फट लागते? नीट मोजून कळव. ट्रक यायला एकोणीस दिवस आहेत.

लोभ ठेव, आणि जीभ आवर.
तुझी आजी